तो अर्धा तास तुझा आहे, मनू

सातपूर, नाशिक
२३ जून २०२४

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तू सिडकोत मावशीकडे गेल्यापासून आईशी रोज बोलतेस, माझा फोन मात्र नुसता वाजत राहतो. म्हणून लिहायला बसलो. कंपनीच्या गेटवर येऊन साहेबांना भेटतो असं मी म्हणालो, ते तुला लागलं. येणार नाही. नोकरी तुझी आहे, तिथे बोलायचं तर तूच बोलशील. डब्याचा विषयही काढायचा नाही असं ठरवलं होतं.

पण काल मावशीने आईला सांगितलं, डबा पुन्हा तसाच परत आला, भाजी आंबली होती. सकाळी सातला पंचिंग करतेस, साडेतीनला सुटतेस. घरून निघताना अर्धा कप चहा, आणि मग साडेआठ तास पोटात काही नाही. दहावीच्या प्रिलिमला तू वर्गात चक्कर येऊन पडली होतीस. तेव्हा शेजारी बाक होता. आता शेजारी संगणकावर चालणाऱ्या दोन सीएनसी मशीन आहेत.

सुपरवायझर म्हणतो, मशीन बंद करू नका, तिथेच उभ्याने दोन घास खा. मशीन थंड ठेवायच्या कूलंटने माखलेल्या हातांनी? एका मशीनवरचा जॉब, म्हणजे तो पार्ट, तयार होतो तोवर दुसरीचा दरवाजा उघडायची वेळ होते, हे मला कळतं. बदली माणूस, रिलीव्हर, दिला नाही तर तू जागा सोडणार कशी, हेही कळतं. पण मग अकरा ते साडेअकराचा अर्धा तास तुझ्या हजेरीतून कापायचा नाही. सुट्टी म्हणून पैसे कापायचे आणि त्याच वेळात तुझ्याकडून जॉब काढून घ्यायचे, या दोन्ही गोष्टी एकत्र चालत नाहीत.

कागद घेऊन बस. तुझे आठवड्याचे सहा दिवस, रोजचे आठ तास, म्हणजे ४८. कापलेले अर्धे तास मिळवले की ५१ होतात. आज २०२४ साली लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ चं कलम ५९ सांगतं की दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वर काम झालं, तर त्या वरच्या तासांना दुप्पट दर. महिन्याच्या २६ हजेऱ्या धरल्या तर हे १३ तास होतात, आणि पैसे २६ तासांचे. तुझ्या पे-स्लिपवर मात्र ओटीच्या, म्हणजे ओव्हरटाइमच्या, रकान्यात शून्य आहे. मी आईकडून मागून पाहिली, रागावू नकोस.

पैशाचं एक वेळ सोड. कलम ५५ प्रमाणे कुणालाही सलग पाच तासांपेक्षा जास्त कामावर ठेवता येत नाही, त्याआधी निदान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावीच लागते. तू सातला लागतेस, म्हणजे फार तर बाराला तुझ्या हातात डबा असला पाहिजे. कामाच्या वेळांचा तक्ता गेटजवळ लावलेला असतो, तो एकदा नीट वाच. त्यात सुट्टी अकराला लिहिली असेल, तर त्या वेळात तुला मशीनवर उभं करणं त्या तक्त्याविरुद्ध आहे, आणि कलम ६३ ने तेच मना केलं आहे. दीडशेच्या वर कामगार असतील तर बसून जेवायला पिण्याच्या पाण्याची सोय असलेली वेगळी खोली द्यावी लागते. तुमच्याकडे ती आहे म्हणतेस, फक्त तिथे तुम्ही मुली कधी जात नाही.

हे सगळं मी फोनवर एका दमात बोललो असतो आणि तू फोन ठेवला असतास. लिहितानाही भाषणच होतंय. माफ कर बाळा.

तू म्हणालीस, "पप्पा, तुमच्या वेळी युनियन होती, मी ठेकेदाराची आहे." हे माझ्या मनातून जात नाही. ठेक्यावरच्या पोरांना उद्यापासून येऊ नका म्हणायला एक फोन पुरतो, मी ते पाहिलं आहे. तुझी भीती खरी आहे. फक्त कायद्याच्या पुस्तकात ठेकेदारामार्फत लागलेलासुद्धा कामगारच आहे, व्याख्येतच तसं लिहिलंय. तुझी सुट्टी कायमच्या माणसापेक्षा एक मिनिटानेही कमी नाही. ठेकेदाराने पैसे बुडवले तर ते मूळ कंपनीला भरावे लागतात.

आणि ही सुट्टी काही कुणा मालकाने दया म्हणून दिलेली नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवली. रविवारची सुट्टी, पगार वेळेवर आणि दुपारी अर्धा तास विश्रांती, अशा त्यांच्या मागण्या होत्या. साडेपाच हजार कामगारांनी त्या अर्जावर सह्या केल्या. रविवारसाठी १८९० उजाडलं. युनियनच्या ऑफिसात लोखंड्यांचा फोटो होता, तू लहानपणी ती पगडी बघून हे आपले आजोबा का असं विचारलं होतंस.

मला आमच्या प्रेस शॉपमधला, पत्रा दाबायच्या मशीनवरचा, तो सिन्नरचा मुलगा आठवतो. माझ्या शेजारच्याच प्रेसवर होता. डिलिव्हरी अर्जंट म्हणून त्या दिवशी जेवणाची सुट्टी पुढे ढकलली होती. उजव्या हाताची दोन बोटं गेली. उपाशी होता म्हणूनच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, प्रेसचं गार्डही काढलेलं होतं. पण त्याचा डबा नंतर मीच त्याच्या घरी पोचवला. भरलेला होता. तेव्हापासून भरलेला डबा घरी परत आला की मला बसवत नाही. आई म्हणते मी उगाच घाबरतो. तुझी मशीन बंद दरवाजाची आहे, तशी प्रेस नाही, हे मला ठाऊक आहे. तरी बसवत नाही.

आयटीआयला मशिनिस्टच्या वर्गात किती मुली होत्या, ते मी पाहिलं आहे. तुझं मायक्रोमीटर धरणं बघून शिंदे काका म्हणाले होते, हात बापाचा आहे. हात तुझाच आहे. ड्रॉइंग वाचायला मला जितकी वर्षं लागली, तितक्यात तू प्रोग्रॅमसुद्धा स्वतः बदलायला लागलीस. कॉलनीत मी हे सगळ्यांना सांगत असतो, तुला आवडत नाही तरी.

म्हणून सांगतो, भांडू नकोस, पण एकटीही जाऊ नकोस. तुझ्या लाइनवरच्या दोघी-तिघी मिळून सुपरवायझरकडे आळीपाळीने सुट्टी मागा. एकीच्या मशीन दुसरीने अर्धा तास पाहायच्या, असं होऊ शकतं का ते आधी बघा. सोबत एक वही ठेव. तारीख, सुट्टीची वेळ, त्या वेळात किती जॉब काढले, कुणी थांबवलं. मशीनचा काउंटर तुझ्या बाजूने बोलेल. मागूनही काही झालं नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे अर्ज करता येतो. तक्रार कुणी केली हे निरीक्षकाने गुप्त ठेवायचं असतं, कलम ११८-अ. अर्ज लिहायची वेळ आली तर मी मजकूर करून देईन, सही तुमची. तोवर गेटच्या आसपासही फिरकणार नाही, आईची शपथ.

आणि उद्या निदान एक केळं तरी ॲप्रनच्या खिशात ठेव. हे सांगायचं नव्हतं, पण ठेव.

तुझे,
पप्पा

ता. क. ईएसआयचं कार्ड आईच्या कपाटात राहिलंय. दादाच्या हाती मंगळवारी पाठवतो, ते जवळ असू दे.