क्रेडिट कार्डाची सोय आणि संमतीचा रकाना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी तोंडावर आली की आपल्या सोलापूर शहरातील मोठ्या दुकानांच्या दाराशी टेबल मांडून क्रेडिट कार्डाचे अर्ज भरून घेतले जातात. वार्षिक शुल्क माफ असल्याचे, पेट्रोलवरील सवलतीचे आणि बिनव्याजी हप्त्यांचे अर्जदाराला सविस्तर सांगितले जाते. मात्र त्याच्या खर्चाची माहिती कोणाकोणाकडे जाणार, याविषयी एक वाक्यही कोणी उच्चारत नाही. यंत्रमागधारक आणि लहान दुकानदार यांचे हिशेब लिहिणे हा माझा व्यवसाय असल्याने कार्डाच्या दोन्ही बाजू मला नेहमी पाहायला मिळतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

कार्ड घेऊच नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही. सुताची खरेदी आज करायची आणि टॉवेलचे पैसे व्यापाऱ्याकडून महिन्याने यायचे, अशी ज्याची नेहमीची ओढाताण आहे, त्याला खरेदीच्या तारखेनुसार पंचेचाळीस-पन्नास दिवसांपर्यंत मिळणारी बिनव्याजी मुदत हा मोठा आधार असतो. पगाराची पावती नसलेल्या कारागिराने कार्डाचे बिल वेळेवर भरत राहिल्यास त्याची पत नोंदली जाते आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना ती उपयोगी पडते. शिवाय डेबिट कार्डावर फसवणूक झाली तर थेट बचत खात्यातील पैसे जातात, तर क्रेडिट कार्डाच्या बाबतीत बिल भरण्यापूर्वी हरकत घेण्यास वाव राहतो. बँकेची वा ग्राहकाची चूक नसताना तिऱ्हाइताने असा व्यवहार केला आणि बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने तो कळवला, तर त्याच्यावर काहीच बोजा येत नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये ठरवून दिले आहे. व्याजाचा धोका बहुतेकांना ठाऊक असतो. तरीही एवढे सांगतो की, महिना साडेतीन टक्के दराने वीस हजारांच्या थकबाकीवर सातशे रुपये व्याज आणि त्यावर १२६ रुपये जीएसटी लागतो. म्हणजे हजार रुपये ‘किमान रक्कम’ भरणाऱ्याचे मुद्दल पावणेदोनशेनेही कमी होत नाही.

व्याजाचा आकडा निदान बिलावर छापलेला असतो. खासगीपणाची किंमत कुठेच छापलेली नसते. कार्ड वापरले की दुकानाचे नाव, रक्कम, वेळ आणि ते दुकान कोणत्या प्रकारचे आहे हे सांगणारा चार आकडी संकेतांक एवढी माहिती बँकेकडे जमा होते. दुकानातून नेमके काय घेतले हे सहसा बँकेला कळत नाही, पण ते कळण्याची फारशी गरजही उरत नाही. एखाद्या कुटुंबाची वर्षभराची विवरणे ओळीने वाचली, तर घरात आजारपण कधी आले, औषधांचा खर्च कोणत्या महिन्यापासून वाढला, मुलगा शिकायला पुण्याला कधी गेला आणि त्या घराची देवस्थाने कोणती, हे सारे समजते. माझ्या टेबलावर अशी विवरणे येतात, तेव्हा अशिलाने शेजाऱ्यालाही न सांगितलेली गोष्ट आपण वाचत आहोत, या जाणिवेने मला संकोच वाटतो. हीच विवरणे संगणकाला दिली की कोणाला कोणते कर्ज वा विमा विकता येईल याचा अंदाज बांधला जातो.

कायदा याबाबतीत अगदीच मुका नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये दिला. ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन दुकानांना कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवून ठेवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे खऱ्या क्रमांकाच्या जागी चालणारा बदली संकेतांक, वापरावे लागते. ग्राहकाची माहिती कशासाठी आणि कोणत्या संस्थांना दिली जाईल, हे सांगून त्याची स्पष्ट संमती घेतल्याशिवाय ती देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत बजावले. प्रत्यक्षात मात्र अर्ज टॅबवर भरला जातो, बारीक अक्षरांतला इंग्रजी मजकूर प्रतिनिधीच बोटाने वर सरकवतो आणि ग्राहकाने ओटीपी सांगितला की ‘संमती’ झाली असे धरले जाते. पूर्व भागातल्या, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणाऱ्या एखाद्या विणकराने त्या मजकुरातून काय समजून घ्यावे? अशी संमती मी संमती मानत नाही.

कार्ड नको तर यूपीआय आहेच, असे काही जण म्हणतात. तिथे तर बँकेच्या जोडीला अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीकडेही नोंद राहते, त्यामुळे यूपीआय हे यावरचे उत्तर नव्हे. मी माझ्या अशिलांना सांगतो की सूत, सुटे भाग, रेल्वेची तिकिटे यांसाठी कार्ड खुशाल वापरावे. रुग्णालयाच्या मोठ्या बिलासाठीही वापरावे, कारण तेव्हा नड महत्त्वाची असते. मात्र रोजची औषधे, तपासण्या, देणग्या आणि घरातल्या खासगी गोष्टी यांचा खर्च शक्यतो रोखीने करावा आणि पावती घ्यावी. यात कर चुकवण्याचा काहीही संबंध नाही. वर्षभरात कार्डाची दहा लाख वा अधिक रुपयांची बिले भरली गेल्यास बँक ते आयकर खात्याला कळवते आणि ते योग्यच आहे. सरकारला कायद्याने कळणे वेगळे आणि विमा विकणाऱ्याला आपल्या नकळत कळणे वेगळे.

सोलापुरातील बँकांच्या शाखांकडे माझी मागणी अशी आहे की, अर्जातील संमतीचा मजकूर मराठीत छापावा. कार्ड देण्यासाठीची संमती आणि जाहिरातीसाठी माहिती देण्याची संमती असे दोन वेगळे रकाने ठेवावेत आणि दुसरा रकाना ग्राहकाने स्वतः खूण केल्याशिवाय कोराच राहावा. आपल्या दैनिकानेही सणाच्या पुरवणीत सवलतींच्या जाहिरातींबरोबर अशा एका अर्जातील संमतीची कलमे सोप्या मराठीत समजावून छापावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक हिशेबनीस वाचक,
सोलापूर