खिडकीजवळच्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहिलंच. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात खिडकीजवळ पेपर वाचत बसता, ते तुम्ही. आणि समोर हवामानाचे आलेख पसरून डोळे पुसत बसलेली बाई, ती मी.

क्लासला फी भरून तीन महिने मी एकच ऐकलं होतं, 'पाठ करा.' आलेखावरून बायोम, म्हणजे त्या हवामानातला झाडाझुडपांचा-प्राण्यांचा पट्टा, ओळखायचा कसा, असं विचारलं तर 'ताई, या वयात कशाला डोकं शिणवता' म्हणून सर हसले. वर्गही हसला. असो, ती फी बुडाली.

तुम्ही आधी पणजीचाच आलेख काढायला लावलात, पुस्तक न बघता. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, घाई कधी? मे महिन्यात. मग जूनपासून पावसाचे स्तंभ चढले, जुलैचा सगळ्यात उंच. जानेवारी ते एप्रिल जवळपास कोरे. तापमानाची रेषा मेपर्यंत चढते, पाऊस आला की उतरते, ऑक्टोबरात पुन्हा जरा डोकं वर काढते. हे सगळं मला येतच होतं की! घामाने आणि न वाळणाऱ्या कपड्यांनी शिकवलेलं.

मग दुसरा आलेख. शहराच्या नावावर तुम्ही चष्म्याचं घर ठेवलंत. पाऊस जून-जुलैत दिसला आणि मी ठोकून दिलं, 'मोसमी, आपल्यासारखंच.' तुम्ही चूक म्हणाला नाहीत. 'तेव्हा तिथं उकाडा की थंडी?' एवढंच विचारून पेपरात डोकं घातलंत. घर काही उचललं नाहीत.

रेषा मधोमध खाली वाकलेली. म्हणजे जुलैत हिवाळा, म्हणजे दक्षिण गोलार्ध. पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. भूमध्य सागरी हवामान, झुडपांचा मुलूख. शिवाय सगळ्यात उंच स्तंभ १०० मिलिमीटरच्या आसपास, आपला जुलै त्याच्या आठपटीच्या वर. मी आकाराला भुलले, आकडे वाचलेच नव्हते. मग घर उचललंत. केप टाऊन!

तेवढा वेळ तुम्ही खरंच पेपर वाचत होता का हो? पान एकदाही उलटलं नाहीत. समोरचा अडखळला की उत्तर फेकून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. नजर दुसरीकडे ठेवून वाट बघणारे फार थोडे.

आता सायबेरियातलं वर्खोयान्स्क आलं तरी गडबडत नाही. वर्षभरात पाऊस-बर्फ मिळून २०० मिलिमीटरसुद्धा नाही, तरी वाळवंट नव्हे, कारण थंडीत बाष्पीभवनच कमी. जुलैची सरासरी १० अंशांच्या वर, म्हणून झाडं न वाढणारा टुंड्राही नव्हे. तैगा, सूचिपर्णी जंगलांचा पट्टा.

काउंटरवर सोलांची (वाळवलेल्या कोकमांची) बरणी ठेवलीय, यंदाच्या पुरुमेंतातली, घरची. चिठ्ठीवर 'खिडकीजवळचे काका' एवढंच लिहिलंय. बरणी परत करायची घाई नाही.