त्या रात्री धावून आलेल्या तिघांचे आभार

राज्याच्या इतिहासावरचं प्रदर्शन तीन दिवसांवर आलं होतं आणि रात्री छतातला पाण्याचा पाइप फुटला. जुन्या पत्रांच्या दोन पेट्या आणि बरेच फोटो चिंब भिजले. घाबरून मी चिकटलेली पत्रं सोडवायला बसले. अभिलेखागारातल्या बाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "काही सोडवू नका. आम्ही निघालोय."

अर्ध्या तासात त्या दोन सहकाऱ्यांसह हजर झाल्या. ओल्या कागदाला ४८ तासांत बुरशी लागू शकते. त्यांनी फोटो थंड, स्वच्छ पाण्यात ठेवले. तसेच वाळले असते तर कायमचे चिकटले असते. सुट्या पत्रांमध्ये टिपकागद घातले. बाकीचे गठ्ठे मेणकागदात गुंडाळून गोठवायला पाठवले, म्हणजे पुढचं नुकसान तिथेच थांबतं.

माझ्या मनात राहिली ती त्यांची पेन्सिल. प्रत्येक गठ्ठ्यासोबत त्या क्रमांकाची चिठ्ठी ठेवत होत्या, पेन्सिलनेच, कारण शाई ओलाव्याने पसरते. "क्रम गेला तर कोणी कोणाला काय उत्तर दिलं, हेच कळणार नाही." पहाटे माझे हात थरथरत होते. त्यांनी पेन्सिल माझ्या हाती दिली. "मी सांगते, तुम्ही लिहा." पेट्या पाइपखाली का ठेवल्या, हे एकदाही विचारलं नाही.

प्रदर्शन ठरल्या दिवशी उघडलं. गोठवलेल्या पत्रांच्या जागी स्कॅनच्या प्रती लावल्या, त्याही त्यांनीच छापून आणल्या. तुम्हा तिघांचे अगदी मनापासून आभार. ती पेन्सिल परत करायची राहून गेली, माझ्याजवळच आहे.