श्रीमंत देवस्थाने बघायची ती कशासाठी?

महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की ‘श्रीमंत देवस्थाने’ अशा सहलींच्या जाहिराती सुरू होतात आणि कुठे किती सोने आहे यावरच सगळा भर असतो. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिराचेच पाहा. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खजिन्याची तळघरे उघडली आणि मंदिर जगभर गाजले. पण तो खजिना भाविकांना दिसतच नाही. दिसते ती शेषावर पहुडलेली विष्णूची भव्य मूर्ती, तीही तीन दारांतून तुकड्यातुकड्याने. 1750 मध्ये त्रावणकोरचे राजे मार्तंड वर्मा यांनी अख्खे राज्य या देवाला वाहिले आणि स्वतः त्याचे दास म्हणून कारभार केला, हे जाहिरातीत कुठेच नसते. (पुरुषांना मुंडू म्हणजे केरळी धोतर नेसावे लागते, एवढे तरी आधी सांगा!)

अमृतसरला हरमंदिर साहिबचा, म्हणजे सुवर्णमंदिराचा, सोन्याचा पत्रा महाराजा रणजितसिंहांच्या काळातला. तो डोळे भरून पाहावाच, पण लंगरच्या पंगतीत बसल्याशिवाय परतू नये. तिथे ना पास, ना व्हीआयपी रांग. आपल्याकडच्या मोठ्या देवस्थानांच्या विश्वस्तांनी एकदा तिथे जेवून यावे.

आणि आपले नांदेड? गुरू गोविंदसिंगांचे 1708 मध्ये निर्वाण झाले ते इथेच, गोदाकाठी. शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक असलेल्या हुजूर साहिब गुरुद्वाराची वास्तूही रणजितसिंहांनीच उभारली. पंजाबातून भाविक दोन दिवस रेल्वेत बसून येतात. पुण्या-मुंबईच्या सहलींत मात्र नांदेडचे नाव क्वचितच दिसते.

– एक वाचक, परभणी