शालेय ग्रंथपालांसाठी आठवण : कवितेचा तास

नमस्कार मंडळी,

15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन जवळ आला. यंदा नुसता फोटोला हार आणि भाषणं नकोत. सातवी-आठवीचा एक तास ग्रंथालयातच घ्यायचा, हे नागपुरात बर्डीवरच्या बैठकीत ठरलंच आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी, खाली मोठ्या कवीचं नाव चिकटवलेली एक कविता मुलांना द्या. ती खरंच त्या कवीची आहे का, हे त्यांनीच शोधायचं. ड्युई पद्धतीत (पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याची पद्धत) मराठी कविता 891.461 वर. तो कप्पा आपण दाखवायचा नाही, त्यांना सापडू द्यायचा. मग संग्रहाची अनुक्रमणिका, मागे पहिल्या ओळींची सूची असली तर तीही. कविता मिळाली नाही तर वहीत 'या संग्रहात नाही' एवढंच लिहायचं. 'त्यांची नाहीच' असं नाही. हा फरक कळला तर निम्मं काम झालं. शेवटची दहा मिनिटं एखादी कविता मोठ्यानं वाचा, अर्थ न विचारता.

कपाटांना कुलूप असेल (असतंच!) तर किल्ली आदल्या दिवशीच मागून ठेवा. कवितेच्या छापील प्रती हव्या असणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर शाळेचं नाव आणि पटसंख्या टाकावी.