काँगोतील शांतिसेनेला दोष देण्याआधी

महोदय,

काँगोत १९९९पासून संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आहे. तरीही जानेवारी २०२५मध्ये एम-२३ या गटाच्या बंडखोरांनी पूर्व काँगोतील गोमा शहर घेतले आणि ‘ही सेना काय कामाची?’ हा प्रश्न पुन्हा विचारला जाऊ लागला. प्रश्न रास्त आहे. पण सगळा राग गणवेशातल्या जवानांवर निघतो, हे मला पटत नाही.

याच बंडखोरांनी नोव्हेंबर २०१२मध्येही गोमा घेतले होते. काँगोचे सैन्य पळाले आणि शांतिसेनेने बंडखोरांना रोखले नाही. मात्र वर्षभरात चित्र पालटले. सुरक्षा परिषदेने मार्च २०१३मध्ये दक्षिण आफ्रिका, टांझानिया व मलावी यांच्या सैनिकांची तुकडी थेट लढण्याच्या अधिकारासह मंजूर केली. त्याच सुमारास अमेरिका, ब्रिटन, जर्मनी आदी देशांनी बंडखोरांचा पाठीराखा मानल्या गेलेल्या शेजारच्या रवांडाची मदत रोखली होती. रसद आटली, समोरून मारा झाला आणि नोव्हेंबर २०१३मध्ये एम-२३ने हत्यार टाकले.

पुढे हा दबाव टिकला नाही. २०२१च्या अखेरीस एम-२३ने पुन्हा डोके वर काढले. रवांडाचे तीन ते चार हजार सैनिक त्यांच्यासोबत असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्याच तज्ज्ञांनी २०२४मध्ये नोंदवले; रवांडा हे नाकारतो. एप्रिल २०२४मध्ये पूर्व काँगोतील रुबायाच्या कोल्टन (मोबाइलसारख्या उपकरणांत लागणारे खनिज) खाणी बंडखोरांच्या हाती गेल्या. तिथल्या वसुलीतून त्यांना महिन्याला किमान आठ लाख डॉलर मिळत असल्याचा तज्ज्ञांचा अंदाज आहे. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत युरोपीय संघाने रवांडाशी खनिजांचा करार केला होता! रवांडाने सैन्य मागे घ्यावे असे सुरक्षा परिषदेने ठरावात म्हटले, तेव्हा फेब्रुवारी २०२५ उजाडला होता. गोमा आधीच पडले होते.

सीमेपलीकडून शस्त्रे आणि खाणीतून पैसा येत असेल, तर गस्त घालून बंड कसे संपणार? जिथे शांतता झालेलीच नाही, तिथे ती राखायला माणसे पाठवली जातात. त्याची किंमत आपणही मोजली आहे. जुलै २०२२मध्ये काँगोतील बुटेम्बो येथे शांतिसेनेविरुद्ध भडकलेल्या जमावाच्या हिंसाचारात सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान मारले गेले. लोकांचा संताप खरा होता, पण त्या दोघांच्या हातात काय होते?

शांतिसेनेला सर्वाधिक सैनिक देणाऱ्या देशांत भारत आहे. त्यामुळे यापुढे तुकडी पाठवताना बंडखोरांच्या पाठीराख्यांवर कोणते निर्बंध, कधी लागणार, हे सुरक्षा परिषदेकडून आधी ठरवून घ्यावे, असा आग्रह भारताने धरला पाहिजे.

– एक वाचक, सातारा