ताई, तुमचं मिट अजून माझ्याकडेच आहे

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

मी तलाठी झाले (आता म्हणे ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) हे कळल्यावर फोनवर तुम्ही पहिलं काय विचारलंत? "सकाळी मैदान आहे का तिथे?" आहे. गावच्या शाळेचं आहे, अर्ध्यावर गुरं बसतात. गेल्या महिन्यापासून सकाळी साडेसहाला चौदा मुली सॉफ्टबॉल खेळायला येतात. मीच फक्की मारते आणि तुमचं मिट (कॅचरचा ग्लोव्ह) घालून मीच कॅचर बसते. हात दुखायला लागले तसं पत्र लिहायचं सुचलं. सगळ्यांनी वाचलं तरी चालेल, म्हणून उघडंच लिहितेय.

तुम्ही आमच्या संघाच्या प्रशिक्षक, आणि मला पिचर व्हायचं होतं. पवनचक्कीसारखा हात फिरवून चेंडू सोडणाऱ्या मुलीकडे सगळं मैदान बघतं. तुम्ही मला होम प्लेटमागे बसवलंत आणि म्हणालात, "आठजणी एकीकडे तोंड करून उभ्या असतात. मैदान समोरून दिसतं ते फक्त कॅचरला." जळगावच्या मे महिन्यात मास्क, चेस्ट गार्ड, लेग गार्ड चढवून बसणारीला हे वाक्य पटत नाही. मी महिनाभर तुमच्याशी धड बोलले नव्हते.

मग आंतरमहाविद्यालयीन उपांत्य सामना. दोन बाद, तिसऱ्या बेसवर त्यांची धावपटू. बॅटरने तिसरा स्ट्राइक हुकवला, चेंडू माझ्या मिटमधून निसटून जमिनीवर पडला. मला वाटलं, झाली इनिंग. चेंडू उचलून पिचरच्या वर्तुळाकडे घरंगळत सोडून दिला. बॅटर पहिल्या बेसकडे पळत सुटलेली, तिसऱ्यावरची घरी आली, आणि तेवढ्या एका रनने आपण हरलो. तिसरा स्ट्राइक झेलताना निसटला की बॅटर लगेच बाद होत नाही; चेंडू तिच्या अंगाला लावायचा किंवा पहिल्या बेसला फेकायचा, इतकंच काम होतं. बसमध्ये माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. तुम्ही येऊन बसलात, शेंगदाण्याची पुडी पुढे केलीत आणि सांगितलंत, की आंतरविद्यापीठ स्पर्धेत तुम्हीही नेमकं हेच केलं होतं. दुसऱ्या दिवसापासून सरावात प्रत्येक तिसऱ्या स्ट्राइकला, चेंडू हातात नीट आलेला असला तरी, पहिल्या बेसला थ्रो. खांदा भरून यायचा. तुमची ती चूक खरी होती की माझ्यासाठी रचलेली, हे मी कधी विचारलं नाही, विचारणारही नाही.

तुमचं शेवटचं वर्ष होतं २००५. त्याच वर्षी सॉफ्टबॉलला ऑलिम्पिकमधून काढायचं ठरलं. तुम्ही हे हसत सांगायचात, "मी खेळ सोडायच्या आधी खेळानेच मला सोडलं." मग बी.पी.एड., आणि तेव्हापासून मानधनावर, आज इथे तर उद्या तिथे. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाची केली इनुये-पेरेझ तुम्हीच आम्हाला मोबाइलवर दाखवली होतीत. त्याच कॉलेजची कॅचर, मग तिथेच सहायक प्रशिक्षक, २००७ पासून मुख्य प्रशिक्षक. तिकडे याला करिअर म्हणतात. तुमच्या आईंनी मात्र माझ्यादेखत विचारलं होतं, "हे खेळणं झालं की नोकरीचं काय?"

आणि ती निळी फाइल! खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून मला नोकरी मिळाली, पण प्रमाणपत्र पडताळणीला पाठवलं तेव्हा पदक कोणी बघत नाही, कागद बघतात. संघाची यादी, निकालपत्रक, कोणत्या तारखेला कुठे खेळलो. माझ्याकडे प्रमाणपत्र सोडून काही नव्हतं. तुमच्याकडे प्रत्येक मुलीचं सगळं होतं, झेरॉक्ससकट, वर्षवार. खेळत असताना त्या फाइलला आम्ही 'ताईंचं रेशन कार्ड' म्हणायचो. त्याबद्दल माफी.

मीही एक फाइल घेतलीय. आत्ता तिच्यात चौदा आधार कार्डांच्या झेरॉक्स आहेत, बाकी काही नाही.

परवा एका मुलीने तिसऱ्या स्ट्राइकनंतर चेंडू तस्साच घरंगळत सोडला. मी ओरडणार होते. मग तिला तो जुना सामना सांगितला, माझाच. बाकीच्या मुली हसल्या, ती नाही हसली.

मिटची लेस तुटली होती. बाजारातल्या चांभारकाकांनी चामड्याची वादी ओवून दिली, पैसे घेतले नाहीत. दिवाळीत परत आणून देते. तोवर एक काम करा ना: चौदांतली एक डावखुरी आहे, फेकते भन्नाट, पण उजव्या हातात घालायचा ग्लोव्ह इथे मिळत नाही. तुमच्या गोणीत तळाशी एखादा असेल तर बघाल?

तुमची,
प्लेटमागची